वहीवरून टॅबवर, टॅबवरून खाली

आमच्या तबलजींचं माझ्याविषयी एक जुनं मत आहे: आवाज बरा, पाठांतर यथातथा, सम बेभरवशाची. हे मत ते खासगीत सांगत नाहीत, भर तालमीत सांगतात. गेल्या अठरा वर्षांत ते खोडून काढणं मला जमलेलं नाही. आवाज आईकडून आलाय, सम देवाच्या हातात आहे. मधल्या पाठांतरासाठी मात्र मी खिशातून बराच पैसा घातलाय आणि तो कुठे कुठे गेला हे हिला अजून नीट सांगितलेलं नाही. इथे लिहून टाकतो. ही मासिकातले लेख वाचत नाही, फक्त पाककृती वाचते.

आम्ही डोंबिवलीचे हौशी गाणारे. आठ-दहा जणांचा ग्रुप. कोणी बँकेतून निवृत्त, कोणी शाळेतून, एक जण अजून रेल्वेच्या वर्कशॉपात. गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट, ज्येष्ठ नागरिक संघाचा वर्धापनदिन अशा ठिकाणी जुनी भावगीतं, नाट्यगीतं आणि श्रोते पेंगायला लागले की दोन हिंदी. मानधन म्हणून शाल-श्रीफळ. नारळ संपतात, शाली साठतात. डोंबिवलीत थंडी वर्षातून चार दिवस पडते आणि माझ्या कपाटात शाली एकेचाळीस.

पूर्वी माझ्याकडे वह्या होत्या. बँकेत वर्षअखेरीला उरणारी लांब रजिस्टरं, जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची. अशी तीन भरली होती. प्रत्येक गाण्याच्या डोक्यावर पट्टी लिहिलेली: ‘पांढरी दोन, सर्दी असल्यास पांढरी एक’. समासात सूचना: ‘इथे बासरी’, ‘दोनदा म्हणणे’, ‘इथे थांबणे, मागच्या वेळी थांबलो नव्हतो’. एका पानावर तेलाचा डाग होता, त्यावरून ते गाणं बोटाला अंधारातही सापडायचं. ज्याला आपण अनुक्रमणिका म्हणतो ती माझ्या वहीत बटाटेवड्याने केलेली होती.

वही पडायची. वारंवार पडायची. पण वहीच्या पडण्यात कुणाचं काही जात नसे. फट् असा आवाज व्हायचा, पहिल्या रांगेतलं एखादं पोर उठून ती आणून द्यायचं, लोक त्या पोराला टाळ्या द्यायचे. वारा असला तर पानांना कपड्यांचे चिमटे लावायचे. गुलाबी, पोपटी, प्लास्टिकचे. रविवारी सकाळी दोरीवरच्या चादरीपाशी उभी राहून ही ओरडायची, “चिमटे परत गाण्याला गेले का?” एवढ्यावर आमच्या घरातली संगीतविषयक चर्चा संपत असे.

आता वहीचं फार कौतुकही नको. पडण्यात ती निरुपद्रवी असली तरी हरवण्यात कागदाचा हात कोणी धरणार नाही. गीतरामायणाचंच बघा. १९५५ची रामनवमी, पुणे आकाशवाणी, पहिलं गीत जायचं. गदिमांनी ते लिहून बाबूजींच्या हवाली केलेलं आणि ऐन वेळी तो कागद सापडेना. गदिमा संतापले, पुन्हा लिहायला तयार होईनात. तेव्हा केंद्रावरच्या सीताकांत लाडांनी त्यांना लेखनसाहित्यासह एका खोलीत कोंडलं आणि पंधरा मिनिटांत गीत पुन्हा कागदावर उतरलं, असं सांगतात. पुढे वर्षभर ५६ गीतं महाराष्ट्राने कान लावून ऐकली. म्हणजे तिथे मूळ प्रत गदिमांच्या डोक्यात होती, कागद ही नुसती नक्कल. आमच्या ग्रुपमध्ये असं एकही डोकं नाही. असतं तर आम्ही त्याला खोलीबाहेर सोडलंच नसतं.

टॅब आणला मुलीने, बेंगळुरूहून, माझ्या एकसष्टीला. चारशे गाणी तिने स्वतः टाइप करून भरली, अकारविल्हे लावली, अक्षर असं ठसठशीत की चष्मा नको. मी जरा कुरकुरलो तर म्हणाली, “बाबा, ब्रसेल्सच्या फिलहार्मोनिकने २०१२ सालीच कागद बाजूला ठेवून टॅबवरून वाजवून दाखवलं.” ब्रसेल्सचं नाव ऐकल्यावर आमच्यासारख्या माणसाला गप्प बसावं लागतं. नंतर सुचलं ते असं की, ब्रसेल्सच्या रंगमंचावर समई नसते, पैठणी नेसलेली निवेदिका नसते आणि दोन गाण्यांच्या मध्ये माजी नगरसेवकाचा सत्कार नसतो. पण तोवर मुलगी परत गेली होती.

अंधाऱ्या मंचावर टॅब लावला की गाणाऱ्याच्या हनुवटीखालून निळसर उजेड येतो. नाटकात भूत प्रवेश करतं तेव्हा देतात तसा. माझा पहिला फोटो ग्रुपवर आला तेव्हा मंडळींनी गाण्याबद्दल काही लिहिलं नाही, प्रकृती विचारली.

तर हा टॅब ठेवायचा कशावर? आमच्याकडे नोटेशन स्टँड होते. घडीचे, बारीक नळ्यांचे, छत्रीच्या काड्यांना लग्नात उभं केल्यासारखे. ते कागदासाठी जन्मलेले. २०१० साली पहिला आयपॅड आला तो ६८० ग्रॅमचा होता. त्यानंतर टॅब बारीक झाले तरी वरची काच, जाड कव्हर असं सगळं धरून माझा ऐवज पाऊण किलोच्या घरात जात होता. पाऊण किलो भेंडी पिशवीत काही वाटत नाही. तीच भेंडी चार फूट उंचीवर, करंगळीएवढ्या नळीच्या टोकाला ठेवून बघा आणि वर विरहगीत म्हणा.

पहिल्याच कार्यक्रमात स्टँड पडला नाही. तो खचला. उंची धरून ठेवणारा जो दोन कानांचा स्क्रू असतो, तो मी पिळला होता, पण वहीच्या सवयीने पिळला होता. मी अभंगाचा पहिला अंतरा घेतला आणि टॅब इंचभर खाली गेला. मी मान खाली घातली. दुसऱ्या अंतऱ्याला तो अजून चार इंच उतरला, मी कमरेत वाकलो. शेवटच्या अंतऱ्याला अक्षरं माझ्या गुडघ्यांपाशी होती आणि मी जवळजवळ साष्टांगाच्या तयारीत होतो. मंचाखाली एका आजींनी डोळे पुसले. कार्यक्रम संपल्यावर मला म्हणाल्या, “भाव असावा तर असा.” अभंग होता म्हणून निभावलं. त्याच कार्यक्रमात पुढे लावणी होती, ती सुदैवाने दुसऱ्याच्या वाट्याला आली.

आमच्या ग्रुपमधला रेल्वेवाला व्हायोलिन वाजवतो. पण त्याचा खरा पिंड वर्कशॉपचा. त्याने स्टँड हातात घेतला, हलवला आणि लोको तपासल्यासारखा त्याच्याभोवती फिरला. त्याचं सांगणं मला आजही पाठ आहे (गाण्यांचं तसं नाही). तो म्हणाला, “तिवई कधी डुगडुगत नाही, कारण तीन पाय कुठल्याही जमिनीवर टेकतात. चार पायांचं टेबल डुगडुगतं. पण टेबल पडत नाही, तिवई पडते. ती पडते कुठे? नेहमी दोन पायांच्या मधल्या मोकळ्या जागेत. दोन पावलं जोडणारी रेघ मनात काढ. वजन त्या रेघेच्या बाहेर गेलं की संपलं. म्हणून ज्या बाजूला वजन, त्या बाजूला एक पाय काढायचा. वजनाच्या नाकाखाली पाय.”

मी हे घरी येऊन हिला समजावलं. ती म्हणाली, “म्हणजे मोरीतल्या स्टुलावर चढून माळ्यावरचा डबा काढताना मी तुम्हाला जे सांगते तेच ना?”

रेल्वेवाल्याचा हुकूम असा की नोटेशन स्टँड सोडून द्यायचा, माईकचा चांगला जड बुडाचा स्टँड घ्यायचा आणि त्यावर टॅबचा क्लॅम्प बसवायचा. क्लॅम्प मी मागवला. चार बाजूंनी टॅबला आवळणारी चौकट, खाली पितळी आटे. स्टँड साउंडवाल्याकडून मागून आणला. आटे बसेनात. एक गल्लेलठ्ठ, दुसरा सडपातळ, आणि दोघं एकमेकांकडे बघायला तयार नाहीत. तेव्हा कळलं की माईकच्या स्टँडांच्या जगात दोन घराणी आहेत. एकाचा आटा पाच अष्टमांश इंच, इंचाला सत्तावीस फेरे, हे अमेरिकेकडचं. दुसऱ्याचा तीन अष्टमांश इंच, इंचाला सोळा, हे युरोपकडचं. आणि या दोघांचं लग्न लावणारा एक पितळी तुकडा मिळतो, अंगठ्याच्या पेराएवढा.

तो तुकडा आणायला मी लॅमिंग्टन रोडला गेलो. त्या रस्त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग झालं त्याला जमाना झाला, पण तिथे वायर घ्यायला जाणारा माणूस अजून लॅमिंग्टन रोडलाच जातो. डोंबिवलीहून दादर, तिथून ग्रँट रोड, सकाळची गर्दी, एका दुकानातून दुसऱ्या दुकानात. शेवटी एका गल्लीतल्या पोऱ्याने डब्यात हात घालून, न बघता, मुठीतून तो तुकडा काढून दिला. साठ रुपये. जाण्यायेण्यात अर्धा दिवस, एक वडापाव, दोन चहा. हिला मी सांगितलं की बँकेत पेन्शनचं काम होतं.

आता यंत्रणा भक्कम झाली. म्हणजे असं मला वाटलं. पण आपण स्टँड स्वतःच्या पायावर उभा केला तरी मंच कुणाच्या पायावर उभा असतो? मंडपवाल्याचा मंच म्हणजे लाकडी घोडे, त्यावर फळ्या, त्यावर हिरवा गालिचा. कोणी चाललं की फळी दबते आणि दुसऱ्या टोकाला स्टँड मान डोलावतो. त्यात आमच्या निवेदिकाबाई. गाण्यामागची गोष्ट सांगत सांगत पुढे येण्याची त्यांची लकब आहे आणि त्यांची प्रत्येक पैठणी दोन खुर्च्यांइतकी जागा घेते. नवरात्रातल्या कार्यक्रमात त्या संगीतकाराच्या हालअपेष्टा सांगून वळल्या आणि पदराच्या मोरात माझा क्लॅम्प अडकला. मोर ओढतोय, क्लॅम्प सोडत नाही. सगळ्या टॅबविश्वात इतका इमानी क्लॅम्प कोणी बघितला नसेल. बाई म्हणाल्या, “अहो, हलू नका, जर आहे!” मी हललो नाही, स्टँड हलला नाही, गाणंही हललं नाही. पेटीवाल्याने त्या सुरावर दोन मिनिटं काढली. शेवटी साउंडवाला पोरगा वाकून आला आणि एकेक धागा सोडवत गेला, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटतं त्या संध्याकाळी सर्वांत मनापासून वाजलेल्या टाळ्या त्याच.

पडण्याचे असेही प्रकार आहेत ज्यात टॅब जागचा हलत नाही आणि तरी गाणारा तोंडघशी पडतो. दोन मिनिटं बोट लागलं नाही तर तो झोपी जातो. बासरीवाल्याने अंतऱ्याआधी जरा मोठा तुकडा घेतला की समोर काळी पाटी आणि त्यात माझा चेहरा. हे बंद करायची कळ शोधायला मला एक गणेशोत्सव लागला. एकदा विरहाच्या नेमक्या ओळीवर वरून पाटी उतरली की तुमचं कर्ज आधीच मंजूर झालं आहे. बँकेत चौतीस वर्षं काढलेला माणूस मी. ओळ विसरून व्याजाचा दर बघितला. तेव्हापासून मंचावर चढताना टॅब विमानातल्या शिस्तीत ठेवतो, सगळ्या तारा बंद. एकदा १ मे रोजी सकाळी दहाला उघड्या मैदानावर महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम होता. बऱ्याच टॅबच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की हवा ३५ अंशांपर्यंतची असावी. महाराष्ट्रात मे महिन्यात ३५ अंश म्हणजे आपण त्या दिवसाला बरा दिवस म्हणतो. टॅब चौथ्या गाण्याला तापला, मला गार जागी न्या असा संदेश दाखवून बंद पडला. त्याला निदान सांगता तरी आलं. आम्हाला सत्कार होईपर्यंत उन्हातच बसावं लागलं.

पेडलचं तर बोलायलाच नको, पण बोलतो. गाताना हात पानं उलटायला गेला की टॅब हलतो, तेव्हा हात लावूच नये म्हणून पायाने पान उलटायचं यंत्र मिळतं. बिनतारी. टॅबच्या दृष्टीने तो कीबोर्डच. एका दाबाला पुढचं पान, दुसऱ्याला मागचं. मी घेतलं. किंमत सांगत नाही. केरव्यातलं गाणं होतं, आठ मात्रांचं, चालतं-फिरतं. आणि माझ्या पायाला पन्नास वर्षांची सवय की समेला ठोका द्यायचा. पहिल्या समेला पान उलटलं. दुसऱ्या समेला दुसरं. मुखडा भावगीताचा, पुढची ओळ बालगीताची, आणि अकारविल्हे पुढे सरकत सरकत मी ‘म’पर्यंत, म्हणजे मंगलाष्टकांपर्यंत पोहोचलो तेव्हा कुठे पाय उचलला. पेटीवाला हसत होता. तबलजी हसले नाहीत. ते म्हणाले, “बँकवाले, आजवर मला फक्त गळ्याची सम चुकते असं वाटायचं. आज पानं कधी उलटली त्यावरून कळलं की पायाचीही चुकते.”

यातलं काहीही बैठकीत होत नाही, हे मला मान्य आहे. आमच्या घरी आजीची ठवणी होती, ज्ञानेश्वरी ठेवायची. शिसवी लाकडाची, दोन फळ्या एकमेकींत कात्रीसारख्या गुंतलेल्या, उघडली की पोथीला मांडी, मिटली की सपाट. वीतभर उंची. तिच्यावरून काही पडलंच तर वीतभरच पडणार. टॅब मी तिच्यावर ठेवून बघितला. असा रेलून बसला की जणू ती त्याच्यासाठीच घडवली होती. सुताराने ना आटे मोजले ना तीन पायांचा हिशेब केला. पण पालखट मांडी घालून दीड तास बसणं माझ्या गुडघ्यांना आता जमत नाही, आणि आमचे श्रोतेही उभ्याने गाणाऱ्याला जास्त गंभीरपणे घेतात. ठवणी परत देवघरात गेली.

राहता राहिला वजनाचा प्रश्न. सिनेमाच्या शूटिंगला स्टँडांच्या पायावर वाळूच्या पिशव्या टाकतात तशी एक पिशवी स्टँडच्या मधल्या गाठीला खाली लोंबकळवायची, असं रेल्वेवाल्याने सुचवलं. वजन जेवढं खाली तेवढं बूड घट्ट. वाळू कुठून आणू? मी पाच किलोची आंबेमोहराची पिशवी लावली. दोन कार्यक्रम ती तिथे होती. तिसऱ्याला निघालो तर पिशवी नाही. ही म्हणाली, “संकष्टीला मोदक आहेत. तुमच्या स्टँडला नैवेद्य लागतो का?” घरात शोधाशोध केली. शालींना वजन नसतं. एकेचाळीस असल्या तरी. तेवढ्यात कपाटाच्या तळाशी ती तीन रजिस्टरं दिसली. स्वयंपाकघरातल्या काट्यावर टाकली: दोन किलो सातशे. कापडी पिशवीत घालून टांगली आणि स्टँड असा रोवला गेला की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. वर टॅबमध्ये चारशे गाणी, खाली पिशवीत तीच चारशे गाणी. तबलजींनी वाकून पिशवीत बघितलं आणि म्हणाले, “दोन्हीकडून शब्द लावलेत. आता मधला माणूस तेवढा टिकला पाहिजे.”

दिवाळी पहाट. पावणेसहाची वेळ, मैदानात खुर्च्या भरलेल्या, उटण्याचा वास, बायकांच्या केसांत ओले गजरे. मंचावर मध्यभागी समई. ती समई सजावटवाल्या मुलींनी रांगोळीच्या ठिपक्यांत बरोबर त्या जागी ठेवली होती, जिथे माझ्या स्टँडचा पाय यायला हवा होता. वजनाच्या नाकाखाली पाय, हे मला पाठ होतं. पण समई हलवायची तर रांगोळी मोडणार, आणि त्या मुली पहाटे तीनपासून राबत होत्या. मी स्टँड जरा फिरवला. टॅबचा आडवा दांडा आता दोन पायांच्या मधल्या मोकळ्या जागेवर आला, डावीकडे, जिथे तबलजी बसतात. मी पिशवी घट्ट बांधली. दोन किलो सातशे आहे, म्हटलं, काय होतंय.

तिसरं गाणं माझं. मुखडा झाला, पहिला अंतरा झाला. आणि एक उत्साही कार्यकर्ता चांदीची गुलाबदाणी घेऊन मंचावर आला. प्रेक्षकांवर शिंपडून झालं होतं, कलाकार राहिले होते. त्याने पेटीवाल्यावर शिंपडलं, बासरीवाल्यावर शिंपडलं, माझ्यावर शिंपडलं आणि माझ्या टॅबवर शिंपडलं. टॅबचा पडदा बोट ओळखतो ते दाबावरून नाही, बोट वीज वाहून नेतं त्यावरून. पाणीही वीज वाहतं, गुलाबाचं असलं तरी. सात-आठ थेंब म्हणजे टॅबला वाटलं सात-आठ बोटं. पानं धावायला लागली. मी झब्ब्याच्या बाहीने पुसलं; त्याने तर तो पार भोंडल्यात गेला.

बासरीचा तुकडा चालू होता. तो संपायच्या आत दुसऱ्या अंतऱ्याची पहिली ओळ हवी. डोक्यात काही नव्हतं. टॅबमध्ये भोंडला होता. आणि पायाशी, हातभर अंतरावर, पिशवीत, दुसऱ्या रजिस्टरात, तेलाच्या डागाच्या पुढच्या पानावर, माझ्या हस्ताक्षरात ती ओळ होती. माझ्या बुद्धीचा मला आजही अभिमान वाटतो, कारण एवढ्या गडबडीत मला हे सुचलं. मी वाकलो, पिशवीची गाठ सोडली आणि अख्खी पिशवी उचलून घेतली.

स्टँड क्षणभर थांबला. मग एखादे बुजुर्ग खुर्चीतून उठताना आधी थोडे पुढे झुकतात, तसा डावीकडे झुकला. मी बघत होतो, पण माझ्या एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात रजिस्टर. क्लॅम्पने शेवटपर्यंत टॅब सोडला नाही. स्टँड, दांडा, क्लॅम्प, साठ रुपयांचा पितळी तुकडा आणि टॅब असं सगळं एकत्र कुटुंब खाली गेलं. तबलजींनी समेवर यायला तिहाई घेतली होती. पहिला पल्ला झाला, दुसरा झाला, तिसरा संपता संपता त्यांनी वर पाहिलं आणि डावा हात बाजूला घेतला. टॅब बायाच्या पुडीवर पालथा पडला. धुम् असा भरदार आवाज झाला.

समेवर.

मैदानातून एकदम दाद आली. पहिल्या रांगेतले एक गृहस्थ तर “क्या बात है” म्हणून उठून उभे राहिले. त्यांना तो ठरवून केलेला प्रकार वाटला असावा. मी रजिस्टर उघडलं, डाग शोधला, दुसरा अंतरा म्हटला. तबलजींनी टॅब उजव्या मांडीखाली सरकवून गाणं पार पाडलं. मध्यंतरात चहाचा कप हातात घेऊन ते माझ्यापाशी आले. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, “बाया शाबूत आहे. पण बँकवाले, अठरा वर्षांत तुमच्या बाजूने पहिल्यांदा कोणी समेवर आलं. त्याला जपा.”

टॅबला काही झालं नाही. वरची चिकटवलेली काच तडकली, ती साडेतीनशे रुपयांत नवीन बसली. दोन पायांच्या मध्ये मी आता टॅब ठेवत नाही. समई असली तर समईवाल्यांना हात जोडतो. गुलाबदाणीवाला दिसला की स्वतः पुढे होऊन डोक्यावर घेतो. वह्या परत कपाटात गेल्या आहेत. पिशवीत हल्ली पाट्याचा वरवंटा असतो. तीन किलो भरतो, घरात चटणी मिक्सरवर होत असल्यामुळे त्याला कोणी शोधत नाही, आणि मुख्य म्हणजे कितीही अडचण आली तरी तो वाचता येत नाही.